पुण्या-मुंबईत कॉर्पोरेट फायनान्सची नोकरी: बाजार कसा बघायचा, पगार कसा मोजायचा

फायनान्समध्ये पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सध्या मार्केट कसंय? किती मागू?" मग कोणीतरी चुलतभावाच्या मित्राचा आकडा सांगतं आणि तोच वर्षभर व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. तो फिक्स होता की बोनस धरून, पुण्यातला होता की गुरुग्रामचा, सी.ए.चा होता की एम.बी.ए.चा, हे कोणी विचारत नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात कॉस्टिंगपासून (वस्तूचा उत्पादनखर्च मोजण्यापासून) सुरुवात केली, पुढे खराडीत एका परदेशी कंपनीच्या केंद्रात आले आणि आता मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. खालचं सगळं शून्य ते पाच-सहा वर्षं अनुभव असणाऱ्यांसाठी आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं गणित वेगळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

१. "फायनान्स ॲनालिस्ट" म्हणजे नक्की काय, ते आधी ओळखा

जाहिरातीत हे पद सरसकट लिहिलेलं असतं, पण त्यामागे अगदी वेगवेगळी कामं असतात. पुरवठादारांची बिलं आणि पेमेंट म्हणजे पी टू पी. ग्राहकांकडून वसुली म्हणजे ओ टू सी. महिनाअखेरचं क्लोजिंग, जर्नल एन्ट्री, रिकन्सिलिएशन (दोन नोंदी जुळवून बघणं) म्हणजे आर टू आर. बजेट, फोरकास्ट आणि "ठरवलं एक, झालं दुसरं, असं का?" याचं उत्तर देणं म्हणजे एफपी अँड ए. याशिवाय ट्रेझरी (कंपनीची रोकड आणि कर्ज सांभाळणं), टॅक्स, इंटर्नल ऑडिट, आणि कारखान्यात बसून केलेलं प्लँट फायनान्स.

बाजाराचा कल एका वाक्यात सांगायचा तर एन्ट्री टाकणाऱ्याची मागणी घटतेय आणि आकडा का बदलला हे समजावणाऱ्याची वाढतेय. याला फक्त एआय कारण नाही. जीएसटीतलं ई-इनव्हॉइसिंग १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या व्यवसायांनाही लागू झालं. बिल मुळातच संगणकाला कळेल अशा रूपात येऊ लागलं, तेव्हा ते हाताने बुक करणाऱ्या टीम लहान होणारच होत्या. काम उरलं ते न जुळणाऱ्या बिलांचं: जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवतं ते पत्रक) आणि आपलं परचेस रजिस्टर का जुळत नाही, हे शोधण्याचं.

म्हणून आर टू आरला नाक मुरडू नका. दोन वर्षं क्लोजिंग केलेल्या माणसाला आकडा कुठून येतो ते माहीत असतं आणि पुढे एफपी अँड एमध्ये त्याला कोणी गंडवू शकत नाही. पी टू पीत मात्र दोन वर्षांपेक्षा जास्त अडकू नका, असं माझं मत आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, जाहिरातीत एफपी अँड ए असतं आणि प्रत्यक्षात एकच रिपोर्ट दर महिन्याला सहा वेगवेगळ्या रंगांत पाठवायचा असतो. मुलाखतीत सरळ विचारा: "मी तयार केलेला रिपोर्ट कोण वाचतं आणि तो वाचून काय ठरवतं?" समोरचा चाचरला तर समजून जा. दुसरा सापळा पुण्यातला खास. बार्कलेज, यूबीएस, बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट अशा संस्थांची इथे मोठी कार्यालयं आहेत, पण तिथल्या बऱ्याच जागा बँकेच्या ऑपरेशन्सच्या असतात, फंड अकाउंटिंग, सेटलमेंट वगैरे. नोकरी म्हणून त्या चांगल्या आहेत, पण ते क्लायंटच्या पैशांचं काम. कंपनीचं स्वतःचं फायनान्स म्हणजे कॉर्पोरेट फायनान्स. दोन-तीन वर्षांनी तिकडून इकडे येणं अवघड जातं, तेव्हा निवड डोळे उघडे ठेवून करा.

२. कुठे बसून काम करायचं, तेही पगारात धरा

ट्रेझरी, इन्व्हेस्टर रिलेशन्स, कंपन्यांची खरेदी-विक्री हे मुख्यालयाचं काम, त्यामुळे ते बीकेसी, लोअर परळ, नरिमन पॉइंटकडे सापडतं. कॉस्टिंग हवं असेल तर चाकण, रांजणगाव, किंवा संभाजीनगरजवळचं वाळूज. परदेशी कंपन्यांची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती पुण्यात खराडी, मगरपट्टा, बाणेर-बालेवाडी आणि हिंजवडीत एकवटली आहेत. नॅसकॉम-झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं धोरण मंजूर केलं.

जीसीसीत पगार सहसा बरा असतो, पण वेळ विचारून घ्या. अमेरिकन कंपनीचं क्वार्टर-एंड म्हणजे जेवणं रात्री अकराला. शिफ्ट अलाउन्स आहे का, कॅब आहे का, आठवड्यात किती दिवस ऑफिस, हे सगळं पैशांचंच बोलणं आहे. प्लँट फायनान्समध्ये पगार थोडा कमी असेल, पण वस्तूची किंमत कशी ठरते हे शॉप फ्लोअरवर उभं राहून कळतं. ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

३. पगाराचे आकडे ऐकू नका, वाचा

रिक्रूटर आणि पगाराच्या वेबसाइट दोघांचेही आकडे फुगलेले असतात. कॉलेजच्या "सरासरी पॅकेज"चंही तसंच, चार मोठ्या ऑफर सरासरी वर ओढतात. मध्यक, म्हणजे मिडियन, किती ते विचारा.

त्यापेक्षा एक खात्रीची जागा सांगते, जिकडे बहुतेक उमेदवार फिरकतच नाहीत: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल. कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) खाली अशा कंपनीला सांगावं लागतं, की मध्यक कर्मचाऱ्याचा पगार वर्षभरात किती टक्के वाढला आणि सीएफओचा, म्हणजे वित्तप्रमुखाचा, किती. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर (कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार वेगवेगळा दिलेला असतो, कामगारांचा त्याहून वेगळा. त्याच अहवालात किती टक्के लोक नोकरी सोडून गेले तेही असतं. पगार चांगला आणि तरी गळती मोठी असेल, तर काय ते समजा. हा आकडा फक्त फायनान्सचा नसतो हे खरं, पण कंपनी हात सैल सोडणारी आहे की आखडता घेणारी, ते त्यावरून कळतं.

जीसीसीची हिंदुस्थानातली कंपनी सहसा नोंदलेली नसते. तिथे दुसरी युक्ती. न्यूयॉर्क शहर, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा ठिकाणी जाहिरातीत पगाराची श्रेणी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच कंपनीची तिथली "सीनियर ॲनालिस्ट"ची जाहिरात "ॲनालिस्ट"च्या जाहिरातीशेजारी ठेवून बघा. डॉलरचे रुपये करत बसू नका, दोन पायऱ्यांमधलं अंतर बघा. बढतीची किंमत किती, याचा अंदाज येतो.

वार्षिक वाढीबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. एऑन या सल्लागार कंपनीच्या पाहणीत देशातली सरासरी पगारवाढ २०२२ मध्ये १०.६ टक्के होती, ती २०२५ मध्ये ८.९ टक्क्यांवर आली. २०२१-२२ मध्ये दर सहा महिन्यांनी उडी मारणाऱ्यांचे किस्से अजून सांगितले जातात. तो काळ गेला.

४. हातात काय हवं

एक्सेल घोटून यायला हवं: पिव्होट, एक्सलुकअप, पॉवर क्वेरी. पॉवर बीआय जमलं तर उत्तम. एसएपी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी ईसीसी आवृत्ती २०२७ च्या अखेरीस मुख्य सपोर्टमधून बाहेर पडतेय, म्हणून कंपन्या त्याच्या नव्या एस/४हाना आवृत्तीकडे जायच्या घाईत आहेत आणि अशा बदलात काम केलेल्या फायनान्सवाल्यांना चांगला भाव आहे. हजारो रुपये भरून "एसएपी फायको प्लेसमेंट गॅरंटी" कोर्स मात्र करू नका. प्रत्यक्ष काम नसेल तर ते प्रमाणपत्र मुलाखतीत पाच मिनिटंही टिकत नाही.

पदव्यांचं थोडक्यात: सी.ए.ला अजूनही पहिला मान, कारखान्यात सी.एम.ए.ला (कॉस्ट अकाउंटंटला) चांगली किंमत. सी.एफ.ए. (गुंतवणूक विश्लेषणाचा अभ्यासक्रम) ट्रेझरीत आणि गुंतवणुकीच्या कामात उपयोगी, क्लोजिंगमध्ये नाही. सी.ए. इंटर होऊन थांबलेल्यांनी लाजू नये, "सेमी-क्वालिफाइड" लिहिलेल्या जागा भरपूर असतात. फायनल द्यायची असेल तर आधी सुट्टीचं बोलून घ्या. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, त्यामुळे एखाद्या क्लोजिंगशी ती नक्की आपटते.

५. अर्ज कधी करायचा

हिंदुस्थानी कंपन्यांचा बोनस साधारण एप्रिल-मेपर्यंत खात्यात येतो आणि मग राजीनामे पडतात. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या परदेशी कंपन्यांत हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. म्हणजे मार्च ते जून हा भरतीचा खरा हंगाम. ऑक्टोबरनंतर परदेशी कंपन्यांत "या वर्षाचं हेडकाउंट संपलं" हे उत्तर ऐकायला मिळतं, त्याचा तुमच्या लायकीशी संबंध नसतो. नव्या सी.ए.साठी आयसीएआयचं, म्हणजे सी.ए. संस्थेचं, कॅम्पस वर्षातून दोनदा असतं, त्याच्या नोंदणीची तारीख चुकवू नका.

ओळखीतून गेलेला सीव्ही लवकर उघडला जातो, हे कटू असलं तरी खरं. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कोणीही फसवाच समजा, मग ईमेलवर कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असो.

६. मुलाखत

तीन गोष्टी हमखास येतात. एक, घसारा १० ने वाढला तर नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लोमध्ये काय बदलेल? दोन, विक्री वाढली तरी मार्जिन घसरलं, का? इथे किंमत, संख्या आणि मिक्स (कोणता माल किती विकला) हे तिन्ही वेगळे करून सांगा. तीन, तासाभराची एक्सेल चाचणी. उत्तर चुकलं तरी चालेल, पण फाइल दुसऱ्याला वाचता आली पाहिजे.

७. ऑफर लेटरची चिरफाड

इथे घाई नको. बारा लाखांची ऑफर आली की घरी "महिना लाख" असं सांगून पेढे वाटले जातात. कागद-पेन घ्या आणि हे बघा.

सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा तुमचा एकूण खर्च, १२,००,०००. त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) १,२०,०००. बेसिक महिना ५०,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०. आरोग्य विम्याचा हप्ता समजा १९,१४०. हे झाले २,४०,०००, जे महिन्याच्या पगारात दिसणारच नाहीत. उरले ९,६०,०००, म्हणजे महिना ८०,०००. त्यातून तुमचा पीएफ ६,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००). हातात ७३,८००.

आता तीच ऑफर, पण कंपनी पीएफ फक्त १५,००० च्या वैधानिक मर्यादेवर कापते, म्हणजे महिना १,८००. वाचलेली रक्कम स्पेशल अलाउन्समध्ये येते, मासिक पगार ८४,२०० होतो आणि हातात ८२,२००. सीटीसी तोच, पण दरमहा ८,४०० चा फरक. अर्थात पहिल्या ऑफरमध्ये तेच पैसे पीएफमध्ये साठतात. कोणती चांगली हे तुमच्या घरभाड्यावर आणि कर्जावर ठरेल, पण निदान फरक आहे हे माहीत असू द्या.

दोन ऑफर शेजारी ठेवताना मी फक्त एकच ओळ बघायला सांगते: फिक्स वजा कंपनीचा पीएफ वजा ग्रॅच्युइटी वजा विमा. बाकी सगळं खाली वेगळं लिहा.

व्हेरिएबलबद्दल तीन प्रश्न विचारा. लिहिलेला आकडा १०० टक्के कामगिरीचा आहे की कमाल? कंपनीच्या निकालावर आहे की तुमच्या रेटिंगवर? गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के मिळाला? तिसऱ्याचं उत्तर एचआर टाळत असेल तर तिथे काम करणाऱ्या कोणालातरी गाठा.

कर. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन धरून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य, त्यामुळे वरच्या दोन्ही उदाहरणांत कर नाही. पण या रेषेच्या थोडं पुढे गंमत आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांवरून १३ लाख झालं, तर उपकरासह कर ७८,००० होतो. लाखाच्या वाढीतले हातात २२,०००! या टप्प्यावर असाल, तर कंपनीच्या वाट्याच्या एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) पर्याय मागा. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही वजा होते.

कामगार संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. त्यामुळे बेसिक ३० टक्के आणि उरलेलं भत्त्यांत, ही जुनी रचना आता फारशी कामाची नाही आणि ग्रॅच्युइटीचा वाटा वाढतो. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात असेल, तर पीएफपायी हातातला पगार कमी होत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. कायम कर्मचाऱ्यांना पाच वर्षांची अट आहे, तेव्हा दोन वर्षांत सोडायचा विचार असेल तर सीटीसीतली ती रक्कम तुमची नाहीच.

८. सही करण्याआधी या अटी शोधा

पेरोल कोणाचा? मोठ्या कंपनीत काम, पण नेमणूकपत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचं, असं सर्रास चालतं. "कंपनीच्या रोलवर की थर्ड पार्टीच्या?" हे पहिल्याच फोनवर विचारा.

नोटिस पिरियड. ९० दिवस असेल तर पुढची नोकरी मिळवताना तोच आडवा येतो. पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते तुम्ही ठरवणार की कंपनी, हे पत्रात शोधा.

जॉइनिंग बोनसची परतफेड. वर्षाच्या आत सोडलं तर परत, हे ठीक आहे. पण हातात येताना कर कापून येतो आणि परत मागताना अनेकदा पूर्ण रक्कम मागितली जाते.

बोलणी करताना "माझ्या मित्राला इतके मिळतात" हे म्हणू नका. "फिक्समध्ये एवढी वाढ झाली तर मी या तारखेला रुजू होऊ शकते" असं ठोस बोला. फिक्स हलत नसेल तर नोटिस पिरियडची भरपाई मागा, ती वेगळ्या खिशातून येते आणि पटकन मिळते.

९. कागदपत्रांची फाइल आजच करा

– दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र
– आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा फॉर्म १०८
– पॅन, आधार, पासपोर्ट, यूएएन (पीएफचा कायम क्रमांक)
– शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट
– शेवटचं इन्क्रिमेंट लेटर, फॉर्म १६
– आधीच्या प्रत्येक नोकरीचं रिलीव्हिंग लेटर

आपल्याकडची खास अडचण म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर. पडताळणी करणारी एजन्सी बंगळुरूत बसलेली असते, तिला हे दोन वेगळे माणूस वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबतच जोडावी, मागितल्यावर शोधत बसू नये. आणि दोन महिन्यांची नोकरी सीव्हीतून लपवू नका. यूएएनवर सगळा इतिहास दिसतो.

१०. राजीनाम्यापासून नव्या पहिल्या पगारापर्यंत

लेखी ऑफर आणि त्यावर तुमची लेखी होकाराची मेल, हे दोन्ही झाल्याशिवाय राजीनामा नाही. फोनवरचं "कन्फर्म आहे, पेपर टाका" याला काडीची किंमत नाही. राजीनामा ईमेलवर द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ आधीच उतरवून घ्या, शेवटच्या दिवशी लॉगिन दुपारीच बंद होतं.

शेवटच्या हिशेबाचे पैसे वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात, पण सवयीने महिना-दीड महिना लावणाऱ्या कंपन्या आहेत. मेल करून पाठपुरावा करा.

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल, तर आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीच्या पेरोलला पहिल्याच महिन्यात द्या. नाहीतर दोन्ही कंपन्या तुम्हाला शून्य कराचा टप्पा आणि स्टँडर्ड डिडक्शन वेगवेगळी देतात आणि विवरणपत्र भरताना फरक व्याजासकट तुमच्या अंगावर येतो.

पीएफ काढू नका, जुन्या खात्यातून नव्यात वळवा. पाच वर्षं सलग धरली गेली तरच ती रक्कम काढताना करमुक्त असते आणि वळवलेल्या खात्याची जुनी वर्षं त्यात मोजली जातात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख ईपीएफओच्या पोर्टलवर भरली आहे का, तेवढं तपासा. भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच ती भरता येते.